गाडीने प्यायलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. आता गंजलो आहे, पोटाला एक भोकही पडले आहे. चौसाळ्याच्या आसाराम मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर तारेने टांगलेला आहे. वारा आला की थोडा वाजतो, एवढेच काय ते काम.

सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा. इंजिनाचा आवाज पोटात घ्यायचा आणि बाहेर शक्य तितका कमी सोडायचा, यासाठी आमची जात जन्माला आली. पण खरे सांगू का? सगळ्या गाडीत बोलका अवयव मीच. इंजिनाच्या पोटात काय दुखते हे इंजिनाला सांगता येत नाही. ते धुरातून माझ्याकडे येते आणि मी ते चारचौघांत बोलून टाकतो. ऐकणारा शहाणा असला तर गाडी वाचते. नसला तर काय होते, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कोल्हापूरचा. एका फाउंड्रीच्या मालकाला शर्यतीच्या गाडीचे वेड होते. त्याने एक लहानशी लाल गाडी घेतली आणि तिचे इंजिन उघडून पुन्हा मनासारखे जुळवले. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, घासून घेतले, म्हणजे आतली जागा कमी झाली आणि स्फोटाचा जोर वाढला. मग अशा जोरदार इंजिनाला साधा सायलेन्सर कसा शोभेल? म्हणून मला खास घडवले. पोटात भोकाभोकांची सरळ नळी, तिच्याभोवती काचेची लोकर आणि वरून जाड पत्रा. माझा आवाज असा भरदार होता, की आम्ही गल्लीत शिरलो की लोक दारात यायचे.

माळावरच्या शर्यतीत आम्ही धावलो, घाट चढलो, दोनदा पहिले आलो. मालक गाडी उभी केल्यावर आधी मागे यायचा आणि माझ्या तोंडात बोट फिरवायचा. बोटाला करडी राख लागली की खूश व्हायचा. काळी काजळी लागली की म्हणायचा, पेट्रोल जास्त जळतंय. तेलकट लागली की कपाळाला हात. रोग्याची जीभ बघणारा वैद्य असतो ना, तसा तो होता. पुढे त्याचे गुडघे दुखू लागले, घरच्यांनी शर्यती बंद केल्या आणि आम्ही ताडपत्रीखाली गेलो.

अशात एक दिवस बीड जिल्ह्याची काही मंडळी कोल्हापूरला दूध संघ पाहायला आली. चौसाळ्याच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव त्यांच्यात होते. सहकार कसा चालवावा हे शिकायला आलेले सुंदरराव जाताना शर्यतीची गाडी घेऊन गेले! स्वतःच्या पैशांनी घेतली, हे मात्र खरे. सोबतचे लोक हसले, पण ते म्हणाले, "दूध नासतंय कावून? उशीर होतो म्हनून. आता उशीरच व्हनार न्हाई."

सुंदरराव मोठे बागायतदार. दूध संस्थेत येण्याआधी ते एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. माणूस दिलदार, पण स्वतःच्या म्हणण्याला फार जपणारा. गाडी चालवायला त्यांनी गावातलाच धर्मराज ठेवला. धर्मराज आणि त्याची बायको मंजुळाबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायची. कारखान्याच्या ट्रॅक्टरवर बसून बसून धर्मराज गाडी शिकला होता. ड्रायव्हरची नोकरी मिळाली आणि दोघांच्या हातचा कोयता सुटला. त्यांना शिवकन्या नावाची मुलगी होती. ऊसतोडीला गेले की तिला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, न्यावे लागे आणि अर्धे वर्ष शाळा बुडे. नोकरी लागल्यापासून ती पहिल्यांदाच वर्षभर एका शाळेत बसली होती. चौथीत होती. मंजुळाबाई गाडीला नमस्कार करायची तो सुंदररावांच्या मोठेपणासाठी नव्हे, या पोरीच्या पाटीसाठी.

इथे आल्यावर मी दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा माझे ऐकले गेले.

पहिल्यांदा काळा धूर आला. झाले असे, की एकदा सुंदररावांनी हौसेने स्वतः गाडी घेतली. समोर एक खुंटी बाहेर आलेली दिसली, तिला त्यांनी आपली कापडी पिशवी अडकवली. ती खुंटी चोकची होती! चोक ओढलेला राहिला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. जास्तीचे पेट्रोल धड जळत नाही आणि त्याची काजळी होते. बीडपर्यंत मी काळा धूर ओकत गेलो. तिथे स्वागताला उभ्या असलेल्या पांढऱ्या टोप्यांवर जे काही उडाले, ते पाहून मलाच हसू आवरेना. आसाराम मिस्त्रीने पिशवी काढली, चोक आत ढकलला, धुळीने गच्च झालेला हवेचा फिल्टर झटकला आणि म्हणाला, "चेरमनसाहेब, काळा धूर म्हंजे गाडी खादाड झाली. खातीय, पर पचंना."

दुसऱ्यांदा निळा धूर आला. उतारावर धर्मराज ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि पुन्हा दाबला की माझ्या तोंडातून निळसर झोत निघायचा. जळक्या तेलाचा वास यायचा. वंगणाचे तेल जिथे जाऊ नये तिथे, म्हणजे जळणाच्या जागी, झिरपत होते. आसारामने वॉल्व्हचे झिजलेले सील बदलले आणि निळा धूर थांबला.

त्या दिवशी सुंदररावांनी विचारले, "अन पांढरा आला तर?" आसाराम उत्तर देणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःच देऊन टाकले. "पांढरा म्हंजे बेस. कारखान्यावर बॉयलरचा धूर बघूनच आमी सांगायचो. काळा आला की जळन वाया चाललं. पांढरा निघाला की बॉयलर खूश." आसाराम हसला आणि सकाळच्या गारठ्यात थोडा पांढरा धूर सगळ्याच गाड्यांना येतो, असे काहीतरी बोलला. पण चेअरमनसमोर पुढचे बोलणे त्याच्या तोंडातच राहिले. साखर कारखान्याच्या मुलखात धुराड्याकडे पाहूनच हंगामाची कुंडली मांडतात. त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच चेअरमनचे म्हणणे पटले.

मग दुष्काळ पडला. पाऊस आलाच नाही असे नाही, पण आल्यासारखे करून गेला. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले. पौषात दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली. गावोगावच्या गायी-म्हशी तिथे आल्या आणि त्यांच्यामागे माणसेही आली. पत्र्याची एक मोठी टाकी बसवली. टँकर आला की ती भरायची. आधी जनावरांना पाणी, मग माणसांना घागरी. टाकीवर राधाकिशन नावाचा राखणदार होता. फार कडक माणूस, पण तेव्हा कडक असणेच बरे होते.

आमचे काम वाढले. बीडहून गुरांचे डॉक्टर आणायचे, लसींच्या पेट्या बर्फात घालून आणायच्या, आजारी वासराला मागच्या सीटवर घालून न्यायचे. शर्यतीच्या गाडीत शेण सांडले. मला मुळीच वाईट वाटले नाही. दोनदा पहिला येऊन मला जेवढे सुख मिळाले नव्हते, तेवढे एका कालवडीला वेळेवर पोचवताना मिळाले.

त्याच थंडीत मला आत काहीतरी वेगळे जाणवू लागले. इंजिनाच्या ठोकळ्यात आणि हेडमध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅसकेट म्हणतात. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला रेडिएटरचे पाणी. दोघांची गाठ पडू न देण्याचे काम त्या बिचाऱ्याचे. कोल्हापूरला हेड घासल्यामुळे त्याच्यावर नेहमीच जास्त जोर यायचा. धुळीच्या रस्त्यावर, उन्हातान्हात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओझे वाहून तो एका जागी जळला. तिथून पाणी आगीत शिरू लागले. आगीत गेलेल्या पाण्याचे काय होणार? वाफ झाली आणि माझ्या तोंडातून पांढरी होऊन बाहेर पडू लागली.

मी सांगत होतो हो! रोज सांगत होतो. पण थंडीत सगळ्यांच्याच तोंडून वाफ निघते, तशी माझ्याही निघते असे लोकांना वाटले. सुंदररावांनी एकदा आसारामला बोलावले तेही सकाळी, गाडी नुकतीच सुरू केल्यावर. त्याने पाहिले आणि म्हणाला, "गारठ्याचं हाय, जाईल." ते त्या वेळेपुरते चूक नव्हते. पुढे फाल्गुन आला, ऊन तापले, गारठा गेला. माझा धूर मात्र गेला नाही. सुंदरराव उलट खूश होते. पाहुण्यांना मागे आणून दाखवायचे, "बघा, कसा पांढराफेक! बॉयलर खूश हाय."

रेडिएटर मात्र रोज उणा पडायचा. धर्मराज सकाळी टाकीवर डबा घेऊन जायचा आणि म्हणायचा, "गाडीला पानी." रोज तेच. राधाकिशनने आधी मुकाट्याने दिले, मग कुरकुरत दिले, मग एक दिवस तो गाडीखाली वाकून पाहून आला. खाली माती कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी तो टाकीपाशी, रांगेतल्या सगळ्या बायामाणसांसमोर बोलला.

"डायवर, गाडीखाली एक ठिपका न्हाई. गळत न्हाई तर पानी जायलंय कुठं?"

"मला बी कळंना, राधाकिशनभाऊ. गाडीच पेती."

"पेती? गाडी हाय का म्हैस हाय बे?"

रांग हसली. हसण्यात वाईट काही नव्हते, पण मागून कुणीतरी म्हणाले, "त्याच्या बायकूच्या घागरी बघा, रोज काठोकाठ असत्यात." मग कुणीच हसले नाही. ज्याच्या म्हशीने त्या दिवशी पाणी पाहिले नव्हते, त्याला असे काही ऐकल्यावर विश्वास ठेवायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत धर्मराजचे नाव पाणीचोर पडले. दुष्काळात माणसाला दारुडा म्हणा, जुगारी म्हणा, तो सहन करील. पाणीचोर हा शब्द मात्र कपाळावर डागल्यासारखा असतो.

मंजुळाबाई टाकीवर यायची बंद झाली. लांबच्या एका खडकाळ विहिरीवर वाटीवाटीने पाणी खरवडून आणू लागली. आणि शिवकन्या शाळेत जाईना. पोरांनी तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारले होते, "ह्ये कुठनं आनलं?" ती बाटली तिथेच टाकून घरी आली होती. चौथीची परीक्षा तोंडावर आली होती, तरी ती दाराआड बसून राहायची. हे सगळे मला कसे कळले? धर्मराज गाडी पुसताना माझ्याशेजारी बसायचा आणि स्वतःशीच बोलायचा. तो बोलायचा आणि मी त्याच्या पायांवर रोज तीच पांढरी वाफ सोडायचो. दोघेही खरे बोलत होतो आणि दोघांचेही कुणी ऐकत नव्हते.

शेवटी सुंदररावांनी त्याला बोलावले. त्यांनाही हे आवडत नव्हते. पण छावणी संस्थेची, पाणी संस्थेचे, आणि लोक चेअरमनकडे पाहत होते.

"धर्मराज, मला तसं वाटत न्हाई. पर लोकांचं तोंड कसं धरू? तू नारायणगडावर चल. देवाच्या पायरीवर हात ठिवून सांग, पानी नेलं न्हाई म्हनून. सांगितलंस तर कुनी शब्द काढनार न्हाई. नसल जमत, तर चावी ठिव."

चावी ठेवणे म्हणजे काय, हे धर्मराजला ठाऊक होते. पुन्हा कोयता, पुन्हा कोपी आणि पोरीचे दप्तर खुंटीला.

"आत्ता चला, चेरमनसाहेब," तो म्हणाला. "मला कशाचं भ्याव?"

मंजुळाबाई मात्र तापली. "शपत घेतली तर लोक म्हनतील खोटी घेतली. न्हाई घेतली तर म्हनतील भ्याला. आपलं दोन्ही कडून मरान हाय." तरीही ती निघाली. नवऱ्याला एकट्याला देवासमोर उभे करायला तिचे मन तयार नव्हते.

त्या दिवशी सकाळी सुंदररावांनी एक गोष्ट केली, आणि तीच पुढे कामाला आली. संशयाला जागा नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि झाकण स्वतः आवळले. "आता बघू कोन पेतं," म्हणाले. पुढे ते बसले, मागे त्यांच्या पत्नी केसरबाई आणि मंजुळाबाई. केसरबाईंच्या मांडीवर पूजेचे स्टीलचे ताट होते. त्यात नारळ, हळदकुंकू, तुळशीची दोन पाने. गाडीत कुणी बोलत नव्हते. मीच काय तो बोलत होतो.

पाली गाव मागे पडले. बिंदुसरेच्या आटलेल्या धरणात मुले क्रिकेट खेळत होती. बीड ओलांडून आम्ही गडाच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. चढ सुरू झाला. धर्मराजने गिअर खाली घेतला, इंजिनावर जोर आला आणि आतला जळका पत्रा आणखी उसवला. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे गेला. माझ्या तोंडातून असा पांढरा लोट निघाला, की मागचा रस्ता दिसेना.

"साहेब, गाडी उभी करतो. लई तापली."

"धूर तर पांढरा हाय की," सुंदरराव म्हणाले. त्या वेळीसुद्धा!

गाडी कडेला थांबली. केसरबाई उतरल्या आणि उतरताना नेमक्या माझ्या लोटात सापडल्या. त्यांनी पदर नाकाला लावला, मग हळूच काढला. तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटले, आता ओरडतील. त्या उलट आणखी जवळ आल्या.

"आवं, इकडं या. ह्यो धूर डोळ्याला झोंबंना."

"मंग?"

"मंग काय? जलम गेला माजा चुलीपुढं. धूर कोन्ता अन वाफ कोन्ती, मला कळत न्हाई व्हय? ही वाफ हाय. भाताचं झाकन उघडल्यावर येती तसली. धर्मराज, बंद करू नगं, जराशीक थांब."

त्यांनी ताटातला नारळ आणि तुळस पदरात घेतली, हळदकुंकवाची पुडी मंजुळाबाईच्या हाती दिली आणि ते रिकामे ताट माझ्या तोंडासमोर धरले. मित्रांनो, ते ताट खिडकीतल्या उन्हाने आणि आता माझ्या झळेने एवढे तापले होते, की त्यांना ते पदराने धरावे लागले. अशा तापल्या ताटावर दव कुठून येणार? तरी ते आधी धुरकटले, मग त्यावर थेंब जमले, थेंबाला थेंब मिळाला आणि काठावरून पाण्याची धार लागून खालच्या धुळीत पडली.

मी आजवर एवढे स्पष्ट कधी बोललो नव्हतो.

धर्मराजने इंजिन बंद केले. सुंदरराव पुढे धावले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात धर्मराजने त्यांचे मनगट धरले. "हात लावू नगा! उकळतं पानी अंगावर येईल. निवू द्या." चेअरमनचे मनगट असे कुणी धरले नव्हते. ते थांबले. सगळे एका बाभळीच्या विरळ सावलीत बसले. मंजुळाबाईजवळ प्यायच्या पाण्याची कळशी होती. सुंदरराव म्हणाले, तेच ओतू या. धर्मराजने मान हलवली. "तापल्या इंजिनात गार पानी घातलं तर हेड तडकंल. थांबायचं."

सुंदरराव त्याच्याकडे पाहत राहिले. "आरं, ह्या गाडीपायी तू शपत घ्यायला निघालास. अन तिलाच जपायलास?"

"तिनं काय केलं साहेब? तिनं कुटं मला चोर म्हनलं? मानसांनी म्हनलं."

 गाडी निवल्यावर धर्मराजने फडके घालून झाकण हळूहळू उघडले. सुंदररावांनी आत वाकून पाहिले. सकाळी त्यांनीच गळ्यापर्यंत भरलेला रेडिएटर तळाला गेला होता. गाडीखाली त्यांनी हात फिरवला. हाताला कोरडी माती लागली. 

"म्या भरलं व्हतं," ते म्हणाले. "म्या सोता. गाडीच पेली की रं."

गड समोर दिसत होता. सुंदररावांनी बसल्या जागेवरूनच हात जोडले. "चला माघारी. शपतीचं काम राहिलं न्हाई."

तेव्हा मंजुळाबाई चेअरमनपुढे पहिल्यांदा बोलली. "शपतीचं राहिलं न्हाई, साहेब. सांगायचं राहिलं. राधाकिशननं टाकीवर सगळ्यांपुढं म्हनलं, तितंच सांगा. अन माज्या लेकीच्या साळंत येऊन सांगा. टाकीवरची मानसं ईसरतील. पोरं ईसरत न्हाईत."

"सांगतो," सुंदरराव म्हणाले. दुधाच्या टेम्पोला दोर बांधून आम्हाला परत आणले. शर्यतीच्या गाडीची ती मिरवणूक वाटेतल्या कुत्र्यांनीही पाहिली, पण मला लाज वाटली नाही.

त्याच संध्याकाळी सुंदरराव टाकीच्या ओट्यावर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "धर्मराजनं थेंबभर पानी नेलं न्हाई. गाडी पेत व्हती. माज्या डोळ्यांनी बघितलं. आमी बोललो ते चुकलं." राधाकिशनने डोक्याची टोपी काढली आणि धर्मराजला म्हणाला, "भाऊ, टाकी राखता राखता मानूस राखायचं इसरलो." मंजुळाबाईची घागर त्याने स्वतः भरून दिली. तिने ती घेतली, पण हसली नाही. अजून एक ठिकाण बाकी होते.

आसारामने हेड उघडले आणि जळलेले गॅसकेट हातात धरून म्हणाला, "म्या येडा. बघितली ती बी गारठ्यात, सकाळीच. तापल्यावर एकदा बघायला पायजे व्हती." सुंदररावांनी विचारले, "मंग बॉयलरचं पांढरं चांगलं अन हिचं वाईट कसं?" आसाराम म्हणाला, "साहेब, बॉयलरमंदी पानी एकीकडं अन आग एकीकडं असती. त्याची वाफ कामाला येती. इथं पानीच आगीत पडलं. चुलीवरचं भांडं फुटून चुलीत सांडावं तसं." सुंदरराव मान खाली घालून म्हणाले, "म्हंजे बॉयलर खूश नव्हता. रडत व्हता."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. तेव्हा या म्हाताऱ्याचे एवढे लक्षात ठेवा. काळा धूर दिसला तर तिचे खाणे तपासा. निळा दिसला तर तिचे तेल तपासा. थंडीच्या सकाळी पांढरा दिसला तर घाबरू नका, थोडे थांबा. पण गाडी चांगली तापल्यावरही पांढरा येतच राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर तिला आणखी पळवू नका. आणि काही हरवले, कुठे गेले ते कळेना, तर सगळ्यात जवळच्या गरिबाकडे बोट दाखवण्याआधी एकदा मागे जाऊन नीट बघा. मुक्या वस्तू खोटे बोलत नाहीत, पण त्यांचे ऐकायला वाकावे लागते.

नवीन गॅसकेट बसले, हेड सरळ करून घेतले. मग सुंदररावांनी गाडी मुद्दाम भर दुपारी बीडपर्यंत पळवून आणली आणि तापलेल्या इंजिनासकट शाळेच्या पटांगणात उभी केली. गुरुजींनी पोरांना बाहेर बोलावले. मंजुळाबाई शिवकन्येला घेऊन आली होती. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती, तिच्या हातात पाण्याची बाटली नव्हती.

एवढ्या सभा गाजवलेले सुंदरराव पोरांपुढे अडखळले. शिवकन्येकडे हात करून म्हणाले, "पोरांनो, हिच्या बापाला आमी चोर म्हनलो. मोठ्या मानसांनी म्हनलो, म्हनून तुमी म्हनलात. तुमची चूक न्हाई, आमची हाय. पानी ह्या गाडीनं पेलं. आता पेत न्हाई. खरं का खोटं, माझ्यावर इस्वास ठिवू नगा. तुमीच बघा."

केसरबाईंनी तेच ताट आणले होते. गार ताटावर कुठल्याही गाडीचा ओलावा जमतो, म्हणून पटांगणातल्या उन्हात ठेवून ते चांगले तापवले. मग फडक्यात धरून शिवकन्येच्या हाती दिले. धर्मराजने गाडी सुरू केली. शिवकन्या हळूहळू पुढे आली, माझ्यासमोर बसली आणि तिने ताट धरले. माझ्या तोंडातून काहीच दिसत नव्हते, नुसती गरम हवा तिच्या केसांची बट उडवत होती. मी आयुष्यात इतका जपून कधी श्वास सोडला नव्हता.

तिने ताट वळवून पाहिले. मग ते पोरांपुढे धरले. ज्या मुलाने बाटलीकडे बोट दाखवले होते, तो पुढे आला. त्याने ताटावरून तेच बोट फिरवले, बोट उलटसुलट करून पाहिले आणि ओरडला, "कोरडं हाय! गुरुजी, ठनठनीत कोरडं हाय!"

सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी आमच्या मुलखात विहीर कोरडी, नदी कोरडी, धरण कोरडे. कोरडे हा शब्द ऐकला की माणसे तोंड फिरवत. त्याच शब्दाला वाजलेल्या टाळ्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या. आणि शिवकन्या ताट खाली ठेवून, कुणाकडे न बघता, चौथीच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली.